बॅलन्सर शाफ्ट काढायला लावून 37,490 रुपयांना बुडवलं

लाजेपोटी दोन महिने कुणाला बोललो नाही. परवा त्याच गॅरेजबाहेर एक पोरगा माझ्यासारखीच हिमालयन 411 बाइक घेऊन उभा दिसला, तेव्हा राहवलं नाही.

ही माणसं कशी बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बॅलन्सर शाफ्ट म्हणजे इंजिनाचा हादरा मारणारा, वजन लावलेला फिरता दांडा. गॅरेजवाला मला म्हणाला, "दादा, बॅलन्सर शाफ्ट म्हणजे इंजिनावर फुकटचं ओझं. काढला की दोन-अडीच बीएचपी मोकळे." मोबाइलवर मित्सुबिशीच्या 4जी63 या कारच्या इंजिनातून शाफ्ट काढतानाचा व्हिडिओ दाखवला. लोक ते करतात, खोटं नाही. पण ते चार सिलिंडरचं इंजिन! दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, मोठा हादरा आपसांत मिटतो. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) दुप्पट वेगाने फिरणारे शाफ्ट फक्त उरलेली थरथर मारतात. माझ्या गाडीत पिस्टन एकच, त्याची वर-खाली चाल (स्ट्रोक) 86 मिमी. क्रँकवरच्या वजनाने साधारण अर्धा हादरा मरतो, उरलेला उलट दिशेने फिरणारा बॅलन्सर मारतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय मी, हे शिकलोय. पण 24.5 बीएचपीत घाटात ट्रक ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, आणि समोरचा माणूस पंधरा वर्षं इंजिनं उघडतोय. विश्वास ठेवला, त्यात काय चुकलं?

चुकलं ते डायनोच्या, म्हणजे चाकावरची पॉवर मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदापाशी. कामाआधी चाकावर 19.5 बीएचपी, नंतर 21.8. दोन्ही आकडे पिवळ्या हायलायटरने रंगवलेले. खाली बारीक अक्षरांत करेक्शन फॅक्टर (हवेच्या फरकासाठी मोजलेल्या आकड्याला ज्याने गुणतात तो): पहिल्या कागदावर 1.00, दुसऱ्यावर 1.12. मी ते वाचलं. माझा अंगठा त्याच ओळीवर होता. चार दिवसांत पुण्याची हवा 12 टक्के बदलते का? 19.5 ला 1.12 ने गुणा, 21.8 च येतात. म्हणजे इंजिन होतं तिथेच होतं. विचारणार तोच त्याने थ्रॉटल पिळला, इंजिन झटकन चढलं (फिरणारं वजन कमी झालं की चढणारच, त्याला पॉवर म्हणत नाहीत) आणि मी पैसे पाठवले. काम 14,500, डायनो 3,000, ऑइल-गॅस्केट 2,350. डायनोचा कागद हातात आला की आधी फॅक्टर बघा, मग आकडा.

साताऱ्याला निघालो. ऐंशीला आरशात मागचा ट्रक नुसता धब्बा. खंबाटकी घाट चढेपर्यंत दोन्ही करंगळ्या बधिर. साताऱ्यात पोचलो तर नंबरप्लेटचा एक बोल्ट गायब, बॅगेच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग तडकलेलं. परत जाऊन जुना शाफ्ट मागितला तर म्हणे भंगारात गेला. काढलेला पार्ट त्याच दिवशी ताब्यात घ्या, जड असला तरी. दुसऱ्या गॅरेजात नवा बसवून घेतला: शाफ्ट, गिअर, गॅस्केट 8,640, मजुरी 6,500, ऑइल 1,900, वेल्डिंग 600.

चौकीत गेलो. "तुम्हीच काढायला सांगितलं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे." दोन्ही कागद समोर ठेवले. हवालदाराने उलटे धरले, बाजूला सारले. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा सांगितलं, परिवहन कार्यालयात जा. तिथे दीड तास रांगेत उभं राहिल्यावर खिडकीतला माणूस म्हणतो, कलम 52, कंपनीच्या रचनेत फेरफार केलाय, तुमच्यावरच कारवाई होईल. म्हणजे लुटला गेलो मी आणि गुन्हेगारही मीच! गॅरेजवाल्याचं नावसुद्धा एकाही ठिकाणी कुणी लिहून घेतलं नाही. कामासाठी पगार घेणाऱ्या माणसांना एक गुणाकार करून बघायला काय होतं?

बिल साध्या चिठ्ठीवर होतं. जीएसटीचं छापील बिल मिळाल्याशिवाय कुणाला इंजिन उघडू देऊ नका. आणि सिंगल सिलिंडरचा बॅलन्सर काढा म्हणणारा भेटला तर किल्ली काढा आणि निघा, वाद घालत बसू नका.

सोमवारी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देतोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. जोडायला डायनोचे दोन कागद, ती चिठ्ठी आणि यूपीआयच्या तीन पावत्या आहेत.