मराठी आवाज घडवायचाय: पायपर, कोकी की जुना फेस्टिवल?

आपल्या आवाजात मराठी वाचणारं मॉडेल हवंय, तेही इंटरनेटशिवाय चालणारं, तर फुकटातले तीन पर्याय समोर येतात. तिन्हींचं वय झालंय. कोकी बनवणारी त्याच नावाची कंपनी २०२४च्या सुरुवातीला बंद पडली. पायपरचा मूळ रेपो (कोड ठेवायची जागा) २०२५मध्ये आर्काइव्ह झाला, म्हणजे त्यातलं काम थांबलं, आणि पुढचं काम जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या रेपोत गेलं. फेस्टिवल तर एडिंबरा विद्यापीठातलं, नव्वदच्या दशकातलं.

फेस्टिवल आधी बाजूला काढतो. त्यासाठी आवाज घडवायची साधनं म्हणजे कार्नेगी मेलन विद्यापीठाचं फेस्टव्हॉक्स; त्याला जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) लागत नाही आणि फ्लाइट या फेस्टिवलच्या हलक्या भावंडात मराठी आवाज तयारही मिळतात. पण आवाज दबका आणि यांत्रिक येतो, शिवाय स्कीम या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फायलींशी झटापट करावी लागते. अगदी तुटपुंज्या हार्डवेअरवर चालवायचं असेल तरच इकडे वळा.

खरी निवड पायपर आणि कोकीत. डेमो ऐकून ठरवू नका. पायपर व्हिट्स या आवाज घडवणाऱ्या मॉडेलवरच उभा आहे आणि कोकीतही तेच मॉडेल शिकवता येतं, त्यामुळे कानाला फार फरक लागणार नाही. फरक आहे अक्षराचा उच्चार कोण ठरवतं यात. पायपर मजकूर आधी ईस्पीकच्या, म्हणजे अक्षरांची उच्चारचिन्हं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नियमांतून काढतो. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च लिपीत सारखाच दिसतो, मग नियमांनी ओळखायचं कसं? रेकॉर्डिंगमध्ये एक उच्चार आणि मॉडेलला दिलेलं चिन्ह दुसऱ्याच उच्चाराचं, असं झालं की शिकणं गढूळ होतं. कोकीत ईस्पीक टाळून थेट देवनागरी अक्षरांवर शिकवता येतं. तिथली मेख अशी: कॉन्फिगच्या (सेटिंगच्या फायलीतल्या) अक्षरयादीत प्रत्येक मात्रा, अनुस्वार, हलन्त स्वतः घालावा लागतो. राहिलेलं चिन्ह वगळलं जातं आणि त्याची सूचना लॉगच्या (चालू कामाच्या नोंदींच्या) गर्दीत सहज हरवते.

मग सगळ्यांनी कोकीच का घेऊ नये? कारण थेट अक्षरांवर शिकवायला रेकॉर्डिंग भरपूर लागतं. इंग्रजीतला नेहमीचा एलजे स्पीच हा रेकॉर्डिंगचा संच सुमारे २४ तासांचा आहे. पायपरमध्ये इंग्रजीचा चेकपॉइंट (आधीच शिकलेलं मॉडेल) घेऊन त्यावर पुढे शिकवता येतं, कारण ईस्पीकची उच्चारचिन्हं सगळ्या भाषांना सामाईक आहेत. तयार फाइल रास्पबेरी पायवरही चालते. म्हणून तास-दोन तासांचंच रेकॉर्डिंग असेल तर माझं मत पायपरला. जास्त असेल, किंवा आयआयटी मद्रासच्या मराठी संचावर आधी शिकवून मग त्यावर आपला आवाज शिकवायची तयारी असेल, तर कोकी.

कोकीतलं एक्सटीटीएस हे अनेक भाषांचं तयार मॉडेल मात्र सोडा. त्याच्या १७ भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. मॉडेलचा परवानाही व्यावसायिक वापराला मनाई करतो आणि वेगळी परवानगी विकणारी कंपनी आता उरली नाही.

इन्स्टॉल करताना दोन्ही रडवतात. पायपरच्या जुन्या ट्रेनिंग कोडला पायटॉर्च लाइटनिंग हे पॅकेज १.७ आवृत्तीचं लागतं आणि पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) २४.१पासून पुढे ते घ्यायलाच नकार देतं. पायथन ३.१० आणि जुनं पिप डॉकरच्या वेगळ्या डब्यात गोठवून ठेवा. कोकीसाठी मूळ पॅकेज नको, स्वित्झर्लंडच्या इडियाप संस्थेचा फोर्क (त्याच कोडवरून पुढे नेलेली प्रत) घ्या.

रेकॉर्डिंग २२०५० हर्ट्झ सँपल रेट, एकाच चॅनेलची (मोनो) वेव्ह फाइल. मेटाडेटा फायलीत उभ्या रेघेने वेगळे केलेले तीन रकाने: फाइलचं नाव, मजकूर आणि पुन्हा तोच मजकूर, आकडे अक्षरांत लिहून. ही फाइल दोघांनाही चालते. पायपरला एकच वक्ता असल्याचं तेवढं सांगा, नाहीतर मधला रकाना तो वक्त्याचं नाव समजतो.