वणावरची सिलिकॉन पट्टी : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. खाज आणि ताठरपणा यांवर वणावर चिकटवायच्या या सिलिकॉन पट्टीचा मला नक्की उपयोग झाला. वण सपाट व्हायला मदत झाली असावी. रंगावर काडीचा फरक पडला नाही. आणि ठाण्याच्या हवेत ही पट्टी अंगावर टिकवणं हा स्वतंत्र उद्योग आहे.

वण कुठे आहे यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून तेही सांगते. माझा डाव्या कॉलर बोनवर आहे. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर स्कूटर घसरली, हाड मोडलं, प्लेट बसवली. टाके काढले तेव्हा बारीक, सरळ रेघ होती. जो तो म्हणे, "काही दिसणारसुद्धा नाही बघ." दीड-दोन महिन्यांत तीच रेघ फुगली, जांभळट लाल झाली आणि अशी खाजायला लागली की मीटिंगमध्ये हात आपोआप तिकडे जायचा. सासूबाई खूश. "खाज सुटली म्हणजे जखम भरतेय." त्यांचं अगदीच चूक नव्हतं. भरणाऱ्या जखमेत पेशी हिस्टामिन नावाचं खाज आणणारं रसायन सोडतात, तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढू लागतात, आणि त्यातून खाज येते. फक्त माझी थांबायचं नाव घेत नव्हती.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी एकच गोष्ट बघितली. बोटाने चाचपत त्यांनी फुगवटा मूळ चिरेच्या बाहेर गेलाय का ते तपासलं. चिरेच्या हद्दीत राहतो तो हायपरट्रॉफिक वण, आणि तो बहुधा हळूहळू बसतो. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो तो केलॉइड. तो आपणहून जात नाही, आणि नुसता कापून काढला तर पुष्कळदा पहिल्याहून मोठा होऊन परत येतो. कान टोचल्यावर पाळीवर गाठ आलेल्या मुली आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यांनी पट्टीवर पैसे घालण्याआधी डॉक्टर गाठावा. तिथे बहुतेक वेळा स्टेरॉइडची इंजेक्शनं लागतात. माझा वण पहिल्या प्रकारचा निघाला.

छाती-खांद्याची कातडी हात हलला की ताणली जाते, आणि ताण पडला की आतल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जास्त कोलॅजेन, म्हणजे त्वचेला बळ देणारं धाग्यासारखं प्रथिन, बनवतात. म्हणून इथले वण फुगायची शक्यता जास्त. तसंही जखमेत पहिले काही आठवडे घाईघाईने बहुतांशी टाइप ३ कोलॅजेन भरलं जातं. मग ते मोडून त्या जागी जास्त बळकट टाइप १ घालायचं काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. शेवटी जे उरतं ते रफू केलेल्या कापडासारखं: भोक बुजलेलं, पण वीण मूळची नाही. नेहमीच्या त्वचेत कोलॅजेनचे धागे एकमेकांत विणलेले असतात, वणात ते बरेचसे एका दिशेने पडतात. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ त्वचेच्या साधारण २० टक्केच बळ असतं आणि पुढे ते फार तर ८० टक्क्यांपर्यंत जातं. वरून कातडी जुळलेली दिसली तरी आत हे काम चालूच असतं. जुन्या खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला की कित्येक वर्षांपूर्वीच्या जखमा उकलायच्या, कारण वणातलं कोलॅजेन सतत बदलत असतं आणि नवीन बनवायला क जीवनसत्त्व लागतं. हे मी घरी सांगितलं आणि तेव्हापासून माझ्या ताटात लिंबाची फोड चुकलेली नाही.

आता पट्टीकडे. यातून कुठलंही औषध आत जात नाही. नव्या वणातून नेहमीच्या त्वचेपेक्षा जास्त पाणी उडतं. पट्टी ते अडवते, वरचा थर ओलसर राहतो आणि त्यामुळे खालच्या पेशी कोलॅजेन बनवणं आवरतं घेतात, असं सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. भाजलेल्या वणांवर हा उपाय १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. मात्र त्यावरचे बरेच अभ्यास छोटे आणि कच्चे आहेत, त्यामुळे खोक्यावरचे 'आधी-नंतर'चे फोटो बघून हुरळून जाऊ नका. वण वर्षभरात आपोआपही बराच बसतो. माझ्या बाबतीत श्रेय किती पट्टीचं आणि किती काळाचं, हे सांगायला दुसऱ्या खांद्यावर तसाच वण हवा होता.

नियम दोनच आहेत. जखम पूर्ण मिटलेली हवी. खपली किंवा ओल असेल तर पट्टी लावायची नाही. आणि दिवसाचे निदान बारा तास, निदान दोन-तीन महिने. दुसरा नियम वाचायला सोपा आहे. सकाळी ऐरोलीची गाडी पकडायला ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर फलाटावर पोचेपर्यंत पट्टीचा एक कोपरा सुटलेला असायचा. खांद्यावरच्या पर्सचा पट्टा उरलेलं काम करायचा. शेवटी दिवसा नाद सोडला आणि ऑफिसातून आल्यापासून सकाळच्या आंघोळीपर्यंत लावायला लागले. बारा तास आरामात भरतात.

पट्टी वणापेक्षा बोटभर मोठी कापा आणि चारही कोपरे गोल करा. टोकदार कोपरा ब्लाउजला अडकतो आणि तिथूनच सोलत जातो. रोज साध्या साबणाने धुवायची, पण टॉवेलने पुसायची नाही. टॉवेलची सगळी लव चिकट बाजूला बसते आणि मग ती कशालाच चिकटत नाही. मी स्टीलच्या ताटलीत चिकट बाजू वर करून वाळवते. अशी एक पट्टी तीनेक आठवडे चालते. पावसाळ्याच्या शेवटी एकदा खाली घामोळ्यासारखे बारीक पुरळ आले, तेव्हा चार दिवस काढून ठेवली; गेले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. थंडीत, म्हणजे आपल्याकडे जी काय थंडी पडते तीत, काहीच त्रास नाही.

खाज पहिल्या महिन्यातच उतरली. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी पैसे दिले असते. फुगवटा फेब्रुवारीपर्यंत निम्मा झाला, आता बोट फिरवलं तरच कळतो. रंग अजून आजूबाजूपेक्षा गडद आहे. त्याला ऊन टाळणं आणि सनस्क्रीन हेच उपाय. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावायचा सल्ला मला निदान पाच जणींनी दिला. १९९९च्या एका छोट्या अभ्यासात त्याने वण सुधारले नाहीतच, उलट तिघांमागे एकाला त्वचेवर ॲलर्जी उठली. मी त्या वाटेला गेले नाही.

किमतीबद्दल तक्रार आहे. हाताएवढ्या तुकड्याला हजाराच्या आसपास घेतात आणि आतल्या माहितीपत्रकात घाम हा शब्दच नाही. चेहरा, कोपर, गुडघा अशा वाकणाऱ्या किंवा दिसणाऱ्या जागी ट्यूबमधलं सिलिकॉन जेल बरं पडेल. माझ्या मैत्रिणीने हनुवटीवर तेच वापरलं; वाळायला पाच मिनिटं लागतात, पण सुटायची भीती नाही.

सध्या पट्टी बंद केली आहे. शेवटचा अर्धा तुकडा कपाटात ठेवलाय, कारण प्लेट काढायची ठरली तर डॉक्टर चिरा त्याच रेघेवर देणार आहेत.