अकरा महिने, एक बदललेली बॅटरी आणि 'कपॅसिटी' या शब्दाचा घोळ: लिनक्सवर बॅटरीची तब्येत बघण्याचा अनुभव

चौतीस टक्के बॅटरी दिसत असताना माझा लॅपटॉप बंद पडला. सूचना नाही, इशारा नाही, एकदम काळी स्क्रीन. व्हिडिओ एन्कोड करायला लावला होता, तो अर्धवट राहिला. चार्जर लावून पुन्हा सुरू केला तर यूपॉवर (लिनक्समध्ये बॅटरीची माहिती देणारी सेवा) सांगतंय की बॅटरीची तब्येत ८९ टक्के, म्हणजे वर्षभर वापरलेल्या बॅटरीला शोभेल अशी. मग ही गेली कशी? लॅपटॉप घेतल्यापासून अकरा महिने मी रोजची नोंद ठेवत होते आणि तरीही मला काहीच कळलं नव्हतं, याचा राग यायला हवा होता आणि तो आला. हे लिहिते आहे ते त्यामुळेच. कमांड कशा चालवायच्या ते तुम्हाला येतं असं धरून चालते.

सुरुवात त्या एका शब्दापासून करते, कारण माझा निम्मा मनस्ताप त्यातून आला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बॅटरीची माहिती सिस फोल्डरात, पॉवर सप्लायच्या खाली, बॅट-झिरो नावाने ठेवतो. तिथे 'कपॅसिटी' नावाची फाइल आहे. तिच्यात ७६ असेल तर अर्थ असा की या क्षणी बॅटरी ७६ टक्के भरलेली आहे. आता यूपॉवरला विचारा. तिथेही 'कपॅसिटी' आहे, पण तिचा अर्थ वेगळाच: बॅटरी नवी असताना जितकी ऊर्जा मावायला हवी होती, त्यातली आता किती टक्के मावते. आत्ताच्या चार्जला यूपॉवर 'पर्सेंटेज' म्हणतं. टीएलपी (लॅपटॉपची बॅटरी वाचवणारं एक साधन) त्यालाच 'चार्ज' म्हणतं आणि 'कपॅसिटी' मात्र यूपॉवरच्याच अर्थाने वापरतं. मशीन तेच, मिनिट तेच, शब्द तोच आणि उत्तरं दोन. केडीई या डेस्कटॉपच्या बॅटरी विजेटमध्ये सरळ 'बॅटरी हेल्थ' लिहिलेलं असतं. ज्याने कुणी तो शब्द निवडला त्याचे मी मनापासून आभार मानते.

हा घोळ मला महागात पडला. लॅपटॉप घेतल्या घेतल्या एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि रोज सकाळी कर्नलची 'कपॅसिटी' फाइल नोंदवत गेले, ती तब्येतच आहे असं समजून. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची मर्यादा मी आधीच लावली होती. साहजिकच वहीत आलं ८०, ८०, ७९, ८०. तीन आठवड्यांत नव्या बॅटरीची वीस टक्के तब्येत गेली असं वाटून मी सर्व्हिस सेंटरला फोन केला, तक्रार नोंदवली. त्यांनी तपासलं, दोष सापडला नाही, तक्रार बंद. चूक माझीच होती आणि मी ती मान्य केली. पण ती नोंद त्यांच्याकडे राहिली आणि पुढे ती माझ्याच विरोधात आली.

तब्येतीचा खरा आकडा दोन फाइलींच्या भागाकारात आहे: 'एनर्जी फुल' भागिले 'एनर्जी फुल डिझाइन'. दोन्ही आकडे मायक्रोवॉट-अवरमध्ये असतात, म्हणून इतके लांबलचक दिसतात. माझ्या बॅटरीचा मूळ आकडा ५७०००००० होता, म्हणजे ५७ वॉट-अवर. काही लॅपटॉप एनर्जीऐवजी 'चार्ज फुल' आणि 'चार्ज फुल डिझाइन' देतात, मायक्रोअँपिअर-अवरमध्ये. टक्केवारी तशीच काढायची, फक्त स्क्रिप्टमध्ये दोन्ही नावांची सोय ठेवा. सायकल काउंटवर फार भिस्त ठेवू नका. दोनदा निम्मी निम्मी बॅटरी वापरली की एक सायकल मोजली जाते, हे बरोबर, पण बऱ्याच मशीनवर तिथे कायम शून्य दिसतं. फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकमेकांशी ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात ती एसीपीआय. तिच्या जुन्या बीआयएफ या बॅटरीच्या तक्त्यात सायकलचा रकानाच नव्हता. तो बीआयएक्स तक्त्यात आला, २००९ च्या एसीपीआय ४.० मध्ये. फर्मवेअरने तो भरलाच नसेल तर कर्नल आणणार कुठून? माझ्याकडे तो भरलेला होता, ९६ दाखवत होता.

स्क्रिप्ट सुधारल्यावर पहिली खरी नोंद ५६.४३ वॉट-अवर, ९९ टक्के. सहा महिन्यांनी ५३.५८, म्हणजे ९४. इथपर्यंत मी खूश होते. नंतर दोन-अडीच महिन्यांत आकडा घसरत घसरत ४७.३१ वर आला, ८३ टक्के. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की ही ८० टक्क्यांची मर्यादा म्हणजे बॅटरी मारायचा धंदा आहे, काढून टाका.

ते मत मी आता पूर्णपणे मागे घेते. 'एनर्जी फुल' हा आकडा कुणी मोजत नसतं, तो अंदाज असतो. बॅटरीच्या आत एक गेज चिप असते. आत किती विद्युतभार गेला, बाहेर किती आला, याचा ती हिशेब ठेवते. बॅटरी पूर्ण भरून जवळजवळ रिकामी झाली की चिपला खरंच किती मावतं ते कळतं. माझा लॅपटॉप महिनोन् महिने चार्जरला जोडलेला, ७५ ते ८० च्या मध्ये डोलत होता. बादलीचा तळ आणि काठ दोन्ही न बघता ती किती मोठी हे सांगायचं म्हटल्यावर अंदाज चुकणारच. मी मर्यादा तात्पुरती काढली, शंभर टक्के भरू दिलं, मग चार्जर काढून हळूहळू तळापर्यंत वापरलं आणि न थांबता पुन्हा पूर्ण भरलं. टीएलपीची 'रिकॅलिब्रेट' कमांड ज्या लॅपटॉपवर चालते तिथे ती हे रिकामं करून पुन्हा भरणं आपोआप करते. माझ्या लॅपटॉपवर ती चालत नाही, त्यामुळे हाताने केलं. दुसऱ्या दिवशी आकडा ५१.३०. नव्वद टक्के! बॅटरी रात्रीत सुधारली नव्हती, चिपचा हिशेब सुधारला होता.

मर्यादा ठेवण्यात तथ्य आहेच. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला, म्हणजे साधारण ४.२ व्होल्टला, आणि गरम राहिला की आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात. दिवसभर चार्जरला टांगलेल्या लॅपटॉपची नेमकी हीच अवस्था असते. फक्त दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण फेरी करा. आणि काही मशीन रीस्टार्टनंतर मर्यादा विसरतात, म्हणून मला सिस्टिमडीची (मशीन सुरू होताना कामं चालवणाऱ्या यंत्रणेची) एक छोटी सर्व्हिस लिहावी लागली. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४८ या डेस्कटॉपच्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्येच बॅटरी जपण्याचा पर्याय मिळतो. मर्यादा लागलेली असताना यूपॉवर 'पेंडिंग चार्ज' दाखवतं आणि कर्नल 'नॉट चार्जिंग'. ते बघून चार्जर बदलायला धावू नका.

मग तो चौतीस टक्क्यांचा दिवस. गेज सुधारलेलं, तब्येत ८९, तरीही बंद. टक्केवारीच्या पलीकडे बघायचं तर 'व्होल्टेज नाऊ' ही फाइल होती, तिच्याकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. स्क्रिप्ट दर पाच सेकंदांना व्होल्टेज आणि 'पॉवर नाऊ' नोंदवेल अशी केली आणि स्ट्रेस-एनजीने प्रोसेसरवर भार टाकला. लॅपटॉप पुन्हा बंद पडला, पण नोंदीतल्या शेवटच्या ओळी गायब. डिस्कवर पोहोचण्याआधीच वीज गेली होती. प्रत्येक ओळीनंतर 'सिंक' (लगेच डिस्कवर लिहायला लावणारी कमांड) घाला, हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. तिसऱ्या वेळी सापडलं: टक्केवारी ३७ वरून जेमतेम ३६ झाली, तेवढ्या वेळात व्होल्टेज ११.० वरून १०.७, १०.२ आणि शेवटी ९.६. तीन सेल एकामागे एक जोडलेले. निरोगी सेल अशा वेळी प्रत्येकी ३.६ च्या आसपास असायला हवेत, म्हणजे दोघांचे ७.२. उरले २.४. एक सेल भार आला की कोसळत होता, आणि कोणताही सेल इतका खाली गेला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट सगळंच तोडतं. त्याचं काम ते चोख करत होतं. टक्केवारी मात्र भार हलका असताना केलेल्या हिशेबावर खुशाल बसून होती.

वॉरंटी संपायला तीन आठवडे उरले होते. सर्व्हिस सेंटरचं पहिलं वाक्य: "मॅडम, तुमची आधीची तक्रार पण अशीच होती." दुसरं: "लिनक्सचे आकडे आम्ही धरत नाही, ओरिजिनल सिस्टिम टाकून आणा." या दुसऱ्या वाक्यावर माझा आजही आक्षेप आहे. आकडा लिनक्स बनवत नाही. गेज चिप तो बॅटरीत तयार करते, तिथून तो लॅपटॉपच्या कंट्रोलरकडे, मग एसीपीआयमार्फत कर्नलकडे येतो. विंडोजचा बॅटरी रिपोर्टही त्याच चिपचं ऐकतो. फर्मवेअरमधली त्यांची स्वतःची चाचणीही मी चालवली होती. ती भार न टाकता काही मिनिटांत संपते, त्यामुळे 'पास' आली आणि त्यांना तेवढं पुरे होतं.

फोनवर काही होईना, तेव्हा छापलेली नोंद घेऊन गेले. म्हटलं, तुमच्यासमोर चालवते, चार्जर न लावता, ४० टक्क्यांपासून. काउंटरवरचा मुलगा शांतपणे बघत राहिला. ३६ ला स्क्रीन काळी झाली. तो आत गेला, वरिष्ठांना घेऊन आला, पुन्हा एकदा चालवून दाखवायला लावलं, पुन्हा तेच. आठ दिवसांनी नवी बॅटरी बसली. त्या मुलाने नोंदीचा कागद ठेवून घेऊ का विचारलं, मी दिला.

नवी बॅटरी ५८.१४ वॉट-अवर दाखवते, म्हणजे १०२ टक्के. नव्या बॅटरीत लिहिलेल्यापेक्षा थोडं जास्त निघणं नेहमीचंच आहे, त्यात चूक शोधू नका. मी आता रोज टक्केवारी नोंदवत नाही, महिन्यातून एकदा पुरते. त्याऐवजी तीन महिन्यांच्या फेरीत पाच मिनिटं पूर्ण भार टाकते आणि व्होल्टेज किती बसतं ते लिहून ठेवते. यूपॉवर मुळात दोन टक्क्यांवर येईपर्यंत मशीन झोपवत नाही. जुन्या बॅटरीसाठी हे फार उशिराचं आहे, त्यामुळे कॉन्फिग फाइलमध्ये मी ते आठ केलं आहे. पॉवरटॉप फक्त वीज कोण खातंय हे बघायला ठेवलंय, त्या कामाला ते छान आहे. स्क्रिप्टमधल्या रकान्यांची नावंही बदलली: 'भरलेली' आणि 'मावणारी'. 'कपॅसिटी' हा शब्द माझ्या वहीत आता कुठेही नाही.