‘कीवा’ कार्यक्रम : सातवी ते नववीत कितपत चालतो?

शाळेतली दादागिरी रोखण्यासाठी फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी ‘कीवा’ तयार केला. 2007 ते 2009 दरम्यान तो 234 शाळांत पारखला गेला आणि 2009 पासून देशभर पसरला. त्याच्या तीन संचांपैकी इथे विचार फक्त सातवी ते नववीच्या, म्हणजे 13 ते 16 वयाच्या मुलांच्या संचाचा.

छळणाऱ्या मुलांत जुळवून घेण्याची वृत्ती कमी आणि बहिर्मुखपणा जास्त, असा कल अभ्यासांत दिसतो. समोरच्याचं दुःख त्यांना आतून फारसं भिडत नाही. पण तेराव्या वर्षी कुणाचा स्वभाव पालटणं शाळेच्या हातात नसतं. आजूबाजूला खिदळणारे, हाताखाली राबणारे, मान फिरवून निघून जाणारे यांचं वागणं मात्र बदलता येतं. कीवाचा सगळा भर या बघ्यांवर आहे, आणि तो अगदी योग्य जागी आहे.

सर्वांत उत्तम भाग म्हणजे प्रत्यक्ष तक्रार आल्यावर काय करायचं याची पद्धत. शाळेतल्या तीन जाणत्या माणसांचा गट असतो. त्यातले दोघं आधी त्रास झालेल्या मुलाशी सविस्तर बोलतात. मग त्रास देणाऱ्यांना एकेकट्याने, लागोपाठ बोलावतात. मध्ये वेळ गेला की मुलं आपसांत बोलून एकच गोष्ट रचतात. ‘हे थांबलंच पाहिजे’ असं थेट सांगायचं, किंवा दोष न देता ‘त्याला त्रास होतोय, तू काय करशील?’ असं विचारायचं. मूल जे कबूल करेल ते कागदावर उतरवून घ्यायचं. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावून ते पाळलं का, हे बघायचं. दरम्यान वर्गशिक्षक वर्गातल्या दोन-चार मान असलेल्या मुलांना त्या मुलाच्या पाठीशी उभं राहायला सांगतात. दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं यात नाही, हे फार चांगलं. ताकद असमान असताना अशा बैठकीत दुबळं मूल आणखी दबतं.

आता उणीव. चौथी ते सहावीइतका ठळक परिणाम या वयोगटात दिसला नाही. वरच्या वर्गांत प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, त्यामुळे कीवाच्या नियमित तासांऐवजी वर्षातून काही दिवस खास त्यासाठी ठेवले जातात. शिवाय या वयात टवाळी करणाऱ्याचं वर्गातलं वजन वाढतं. वर्गात लोकप्रिय असलेल्या छळणाऱ्यांवर कार्यक्रमाचा असर पडत नाही, हे संशोधनातही आढळलं आहे.

आणखी एक काळजीची गोष्ट. वर्गातला छळ कमी होतो तेव्हा ज्यांचा चालूच राहतो ती मुलं जास्त खचतात. ‘माझ्यातच खोट आहे’ असं त्यांना वाटू लागतं. वार्षिक ऑनलाइन सर्वेक्षण निनावी असतं, त्यामुळे आकडा खाली आला तरी हे उरलेलं मूल कोण, ते त्यातून कळत नाही. ते गटाने मधल्या सुट्टीत, आवारात फिरूनच हेरायला हवं.