ब्रन्सविक स्क्वेअरमधले आठ महिने

ऑगस्टमध्ये घर बघायला गेले तेव्हा भिंतींकडे लक्षच गेलं नाही. बाहेर फुगलेली अर्धगोल खिडकी, मान वळवली की समुद्र, आणि छत इतकं उंच की दिवा बदलायला शिडी कुणाकडून मागायची हा प्रश्न. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनला लागून असलेल्या होव्हच्या या घरांच्या रांगेत पहिला मजला म्हणजे मालकांचा दिवाणखाना. वर जाल तसं छत खाली येतं, कारण माळ्यावर नोकर झोपायचे. तळघरात त्यांचीच स्वयंपाकाची धावपळ.

1820च्या दशकातलं चार्ल्स बझ्बी या वास्तुविशारदाचं हे काम. दर्शनी खांब दगडी वाटतात, पण तो नुसता गिलावा. आत बंगरूश: विटांचे तुकडे, गारगोट्या, वाळू, चुना, हाताला लागेल ते साच्यात भरलेलं. वरून कीर्तन, आतून तमाशा. पाण्याचा पाइप नेम धरून सोडला तर अर्धं ब्रायटन कोसळेल, अशी इथे थट्टा चालते.

नोव्हेंबरात कपाटामागे ओल आली आणि माझी थट्टा संपली. एजंट म्हणाला, खिडकी उघडी ठेवा. (समुद्रावरून वारा सुटलेला असताना!) शेवटी जुन्या कामातला गवंडी आला. कुणीतरी आतून सिमेंट फासलं होतं. चुन्याची भिंत ओलावा शोषते आणि सोडते. सिमेंटखाली तो कोंडतो. आजोळच्या वाड्यात आजोबा हेच बडबडायचे, तेव्हा आम्ही हसायचो. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा दिला. वाळायला दीड महिना लागला, पण ओल परतली नाही.

खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या. चौकटीत लपलेल्या लोखंडी वजनांवर त्या तोललेल्या असतात. जानेवारीत एक दोरी तुटली आणि तावदान धाडकन खाली आलं. इमारत वारसा यादीत पहिल्या श्रेणीची, त्यामुळे परवानगीशिवाय दुहेरी काच नाही. आतली घडीची लाकडी झापं मात्र रंगाने चिकटून बसली होती, ती मालकांना विचारून सोडवली. रात्री ती लावली की खोली बरीच ऊबदार राहते. पडद्यांवर घातलेले पैसे वाया गेले.

बाहेरून रंग दर पाच वर्षांनी, तोही ठरलेला फिका क्रीमच. 1976चा कायदाच आहे तसा. मला आधी जाच वाटला. पण सगळी रांग एकच घर दिसते ती त्यामुळेच.

करार वाढवतेय. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय.