पहिलं गाणं: चालीवर शब्द, की शब्दांवर चाल?

बेळगावच्या शिवजयंतीला चित्ररथासाठी लिहायचं, की भजनी मंडळासाठी, यावर बरंच ठरतं. मी दोन्ही करून पाहिलंय.

चाल आधी असेल तर काम एका बैठकीत उरकतं. वाजवणाऱ्यांना सूर पाठ असतात, आपण फक्त अक्षरं बसवायची. गोची होते ती ऱ्हस्व-दीर्घाची. लांबवलेल्या सुरावर 'मन' आलं की गाणारा 'माना' म्हणतो. आमच्या एका गाण्यात 'शिवबा'चा 'शीवाबा' झाला आणि मिरवणूकभर तसाच वाजला! शिवाय जागा भरायला 'रे', 'गं', 'हो' घुसतात. कडव्यात एखादा खपतो, चार आले की गाणं पोकळ वाटतं.

शब्द आधी लिहिले तर वेळ जातो, पण म्हणणं आपलं राहतं. मात्र मोजमाप सुटत नाही. गदिमांनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायणाची ५६ गीतं आठवड्याला एक अशी लिहिली. सुधीर फडक्यांची चाल मागून यायची, पण ठेका शब्दांतच असायचा. ते आपल्याला पहिल्याच गाण्यात कुठलं जमायला?

म्हणून मी तिसरी वाट धरायला सांगतो: मोठा अभंग. अक्षरं ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. साचा तयार, चाली येळ्ळूरपासून खानापूरपर्यंत प्रत्येक भजनी मंडळाकडे, आणि शब्द पूर्ण तुमचे. माझाच एक प्रयत्न:

भात लावणीला
आई वाकलेली
चिखलाने ओली
जोडवीही

आधी शेवटी 'कष्टमाय' होतं. ऐकून कुणी मान हलवली नाही. 'जोडवीही' केल्यावर पुढच्या रांगेतल्या बायकांनी पायांकडे बघितलं. माती, घाम, कष्ट सगळेच लिहितात, जोडवी बघावी लागतात.

मिरवणूक आठवड्यावर आली असेल तर मात्र गुमान चाल आधी घ्या आणि लांब सुरांखाली आ, ए, ओ येतील एवढं सांभाळा.

त्यासाठी आपली बेळगावी बोली कामाची आहे. 'जातोय' पाच मात्रांचं, शेवट तोकड्या 'य'वर. त्याच अर्थाचं आपल्याकडचं 'जाऊलालो' पुरतं आठ मात्रांचं, म्हणजे केरवा तालाचं एक आवर्तन, आणि शेवटी हवा तेवढा ताणता येणारा 'ओ'. फक्त स्पर्धेला परीक्षक पुण्याचे येणार असतील तर आधी विचारून घ्या.