पेडलचा सप्लाय बदलावा की आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा?

घरी गिटार रेकॉर्ड करताना मागे घूं ऐकू येऊ लागली की सल्ला ठरलेला असतो: पेडलसाठी, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या छोट्या डब्यांसाठी, चांगला पॉवर सप्लाय घे. मी तो ऐकला आणि आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक आउटपुट वेगळं ठेवणारा, सप्लाय आणला. पेडलमधली बारीक शिट्टी गेली, घूं मात्र जागच्या जागी राहिली, कारण ती पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपनं पकडणाऱ्या चुंबकीय भागातून, येत होती. म्हणून काय घ्यायचं हे ठरवण्याआधी पाच मिनिटं कान देऊन ऐका.

गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज गेला, तर तो गिटारमधूनच येतोय. गिटार गळ्यात घालून हळूहळू गोल फिरा. दिशेबरोबर घूं कमीजास्त होत असेल, तर सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी होत असेल, तर गिटारच्या आतलं शिल्डिंग, म्हणजे बाहेरचा आवाज अडवणारं धातूचं आवरण, अपुरं आहे. या दोन्ही बाबतीत सप्लाय बदलून काही उपयोग नाही. ॲम्प आणि ॲडॉप्टरपासून दूर बसणं, दिव्याचा डिमर बंद करणं, शिल्डिंग सुधारणं आणि घूं रद्द करणारा दोन वेटोळ्यांचा हमबकर पिकअप वापरणं, एवढंच कामाला येतं.

व्हॉल्यूम शून्यावरही आवाज कायम असेल, तर दोष पुढे कुठेतरी आहे आणि तिथे खरी निवड सुरू होते.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एकच ॲडॉप्टर आणि त्याला पाच-सहा तोंडांची वायर, म्हणजे डेझी चेन. सगळी पेडल ॲनालॉग असतील आणि ॲडॉप्टर चांगला असेल, तर ती बऱ्याचदा अगदी शांत चालते. त्या लोकांनी उगाच खर्च करू नये. गडबड होते ती साखळीत डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब आला की. त्याचा प्रोसेसर करंट झटक्याझटक्याने ओढतो आणि ते झटके सामायिक निगेटिव्ह वायरमधून शेजारच्या डिस्टॉर्शनमध्ये (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमध्ये) शिरतात. डिस्टॉर्शनने ४० डेसिबल वाढ दिली, तर व्होल्टेज शंभरपट होतं. मग ती न जाणवणारी किरकिर टेकमध्ये शिट्टी बनून वाजते. शिवाय पेडल ऑडिओ केबलच्या शिल्डने आणि सप्लायच्या वायरने, असे दोन्हीकडून जोडलेले असतात, म्हणजे ग्राउंड लूप, ग्राउंडच्या वायरींचं घूं पकडणारं बंद वेटोळं, आयतंच तयार.

आयसोलेटेड सप्लाय ही साखळीच तोडतो. प्रत्येक आउटपुटचं निगेटिव्ह स्वतंत्र असतं. मात्र भरपूर सॉकेट आहेत म्हणजे आयसोलेटेड आहे असं नाही. मल्टिमीटर असेल तर सप्लाय मेन्सवरून काढून दोन आउटपुटच्या निगेटिव्ह टोकांमध्ये कंटिन्युइटी पाहा. बीप आला, तर आत सगळं एकत्रच आहे. घेताना प्रत्येक आउटपुटचे मिलिॲम्पिअरही वाचा. पेडलला लागतो त्यापेक्षा जास्त करंट देणारं आउटपुट चालतं, जास्त व्होल्टेजचं चालेलच असं नाही. माझ्या मते दोनपेक्षा जास्त पेडल असतील आणि त्यात एक जरी डिजिटल असेल, तर हाच खर्च करण्यासारखा आहे.

बॅटरीचा सप्लाय सगळ्यात स्वच्छ, कारण मेन्सशी तिचा संबंधच नाही. पण ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी साधारण ५०० मिलिॲम्पिअर-तास देते. काही मिलिॲम्पिअर ओढणाऱ्या फझला (डिस्टॉर्शनचाच एक जुना प्रकार) ती दीर्घकाळ पुरते, तर २०० ओढणारा डिजिटल पेडल दोन-अडीच तासांतच तिला संपवतो. जुन्या पद्धतीच्या पॉझिटिव्ह ग्राउंड फझला, म्हणजे ज्यात निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला असतं त्याला, मात्र बॅटरी किंवा आयसोलेटेड आउटपुटच द्या. डेझी चेनवर त्यानं शॉर्ट होतं. तपासणीसाठीही एक बॅटरी जवळ ठेवा: संशयित पेडल तिच्यावर चालवताच आवाज गेला, तर दोषी सप्लायच.

पेडलच नसतील आणि गिटार थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये (गिटार यूएसबीने लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीत) जात असेल, तर पेडल सप्लायचा विषयच नाही. लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज थांबला, तर तो यूएसबीतून येत होता, आणि बॅटरीवर रेकॉर्ड करणं हा फुकटचा उपाय झाला. दोन पिनांच्या चार्जरमुळे भुणभुण असेल, तर अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या चार्जरने ती अनेकदा जाते. पेडलसकट ॲम्पही जोडलेला असेल आणि लॅपटॉप व ॲम्प दोन्हीला अर्थिंग असून लूप झाला असेल, तर दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा. तेवढ्याने नाही भागलं, तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नल पुढे नेताना तारांचा थेट जोड तोडणारी डबी) मध्ये घाला, पण पेडलनंतर. पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणाऱ्या, डीआयचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) एक मेगाओमच्या बराच खाली असतो आणि थेट गिटार जोडली तर वरचे सूर मंदावतात. यूएसबी आयसोलेटर घेताना वेग तपासा. अनेक स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटपर्यंतच जातात आणि ४८० मेगाबिट लागणारा इंटरफेस त्यांच्यावर चालतच नाही.

लूप तोडायला प्लगची अर्थिंगची पिन कापू नका, तिच्यावर टेपही लावू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर मेन्सचं व्होल्टेज तारांवर येईल आणि तारांवर तुमचे हात असतील. डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका फक्त ऑडिओची वाट तोडतो, संरक्षणाची नाही.

मेन्सची वीज गाळणाऱ्या पॉवर कंडिशनरवर मी सगळ्यात शेवटी पैसे घालेन. मेन्समधली उच्च वारंवारतेची किरकिर तो थोडी गाळतो, पण ग्राउंड लूपही सुटत नाही आणि पिकअपची घूंही जात नाही.

नॉइज गेट, म्हणजे ठरवलेल्या पातळीखालचा (थ्रेशोल्ड) आवाज बंद करणारं साधन, मूळ दोष झाकतो, म्हणून तो सगळ्या दुरुस्त्यांनंतर लावा. थ्रेशोल्ड जास्त ठेवला तर लांब धरलेला सूर विरताना मध्येच कापला जातो. टेकच्या आधी दहा सेकंद न वाजवता रेकॉर्ड करा आणि त्या शांततेची पातळी पाहून थ्रेशोल्ड तिच्या जेमतेम वर ठेवा.